झड अडवावी, पाण्याची वाट नाही
महादेवपुऱ्यातल्या खिडक्यांच्या फटींसाठी: काय करावे, काय टाळावे

५ सप्टेंबर २०२२ ची सकाळ महादेवपुऱ्यात राहणारं कुणी विसरलेलं नाही. बंगळुरू शहरात चोवीस तासांत १३१.६ मिमी पाऊस झाला होता, आउटर रिंग रोडचं तळं झालं होतं आणि लॅपटॉपच्या बॅगा छातीशी धरलेली मंडळी ट्रॅक्टरमधून ऑफिसला निघाली होती. ते फोटो देशभर फिरले. त्याच सकाळी नवव्या मजल्यावर आम्ही खिडकीखाली जुने टॉवेल आणि रद्दी अंथरून बसलो होतो. त्याचा फोटो कुणी काढला नाही. खालून सुरक्षारक्षकाने इंटरकॉमवर विचारलं, ‘‘मॅडम, नीरु सोरुत्ता?’’ पाणी गळतंय का? ‘सोरु’ म्हणजे गळणं, हा माझा कन्नडचा पहिला धडा.

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे पावसाळ्याआधी पडवीला झापांचा आडोसा बांधतात, झड आत येऊ नये म्हणून. आणि घराची वळचणच इतकी पुढे आलेली असते की खिडकीला पाऊस फारसा भेटत नाही. इथे पंधरा मजली सपाट भिंत, वर वीतभर छज्जा, कुठे तोही नाही. वळचणीचं सगळं काम बोटभर रुंदीच्या सिलिकॉनच्या पट्टीवर येऊन पडलं आहे. ती पट्टी कशी मारावी हे आम्ही दोन-तीन वर्षं चुका करत शिकलो. हुडी, गरुडाचारपाळ्या, कुंदलहळ्ळी या भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांसाठी त्यातलं उपयोगाचं तेवढं इथे.

करा: आधी पाण्याची नळी हातात घ्या, सिलिकॉनची गन नंतर.
खिडकीजवळ पाणी दिसलं म्हणजे खिडकीची फटच गळते असं नाही. पाण्याच्या वाटा चार. एक, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. दोन, काचेभोवतीचं सुकून आकसलेलं रबर. तीन, सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक तुडुंब भरून आत सांडणारं पाणी. चौथी सर्वांत लबाड: वरच्या छज्ज्याला किंवा भिंतीला गेलेली चीर. तिच्यातून शिरलेलं पाणी गिलाव्याच्या आतून उतरतं आणि खिडकीच्या कोपऱ्यात प्रकट होतं. सिलिकॉनने बरी होते ती मुख्यतः पहिली. बाकीच्या ठिकाणी चौकटीभोवती ट्यूबा रिकाम्या करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बाल्कनीला लागून खिडकी असेल तर परीक्षा सोपी. बाहेरून नळीने आधी फक्त खालच्या जोडावर दहा मिनिटं पाणी सोडा. मग उजवी बाजू, मग डावी, सर्वांत शेवटी वरची कड. उलट क्रमाने केलंत तर वरचं पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. आत एकाने टॉर्च आणि कोरडा टिश्यूपेपर घेऊन बसायचं. पहिला थेंब दिसला तिथे पेन्सिलने खूण करायची आणि बाहेर त्या क्षणी पाणी कुठे पडत होतं ते लिहून ठेवायचं. बाल्कनी नसलेल्या खिडकीसाठी पुढच्या पावसाची वाट बघा, पण खूण आणि वेळ लिहायला विसरू नका. नुसत्या हवेची आणि धुळीची फट शोधायची असेल तर पंखे बंद करून वाऱ्याच्या दिवशी चौकटीच्या कडेने पेटलेली उदबत्ती फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. पडदे तेवढे आधी बाजूला करा.

टाळा: आतून सिलिकॉन मारून ‘बंद झालं’ म्हणणं.
आतून मारलं की पाणी दिसायचं थांबतं, यायचं थांबत नाही. ते भिंतीत मुरतं. दोन महिन्यांनी खिडकीच्या खाली रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो आणि आपण रंगाऱ्याला दोष देतो. पावसासाठीची पट्टी बाहेरच्या अंगाला हवी. आतली पट्टी धुळीसाठी आणि दिसण्यासाठी.

करा: पूर्वेच्या खिडकीलाही तेवढाच मान द्या.
पुण्या-मुंबईचा माणूस पश्चिमेकडची खिडकी जपतो, कारण तिथला पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. बंगळुरूला पावसाळे दोन. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी, म्हणजे वारा उलटा. वर्षभरातला पाऊस हजार मिमीच्या आसपास, पण सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांतच त्यातला साधारण ४०० मिमी येतो. आपल्याकडे हत्तीचा पाऊस सरला की छत्र्या माळ्यावर जातात. इथे आकाशकंदील लावलेल्या बाल्कनीतही झड येते. शिवाय एप्रिल-मेचा वळीव वारा घेऊन येतो, आणि तो कोणत्याही दिशेने येतो.

करा: जानेवारी ते मार्च हा मुहूर्त साधा.
तेव्हा भिंत आतपर्यंत सुकलेली असते. गणपतीत पाहुणे येणार म्हणून सप्टेंबरात घाईने मारून घेतलेली पट्टी पुढच्या वर्षी अख्खीच्या अख्खी हातात येते. तीन दिवस पाऊस नाही म्हणजे भिंत सुकली असं समजू नका.

टाळा: पांढरं सिमेंट, रंगाऱ्याची पुट्टी आणि जुनी लांबी.
गवंडी सर्वांत आधी हेच सुचवतो, कारण ते त्याच्या पिशवीत असतं. दिसायला गुळगुळीत आणि स्वस्त. पण चौकट आणि भिंत एकसारख्या प्रसरण पावत नाहीत. पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत पश्चिमेची चौकट सहज ३० अंशांनी तापते. तेवढ्यात दीड मीटरची यूपीव्हीसीची पट्टी सुमारे ३ मिमी वाढते, आत लोखंडी नळी असेल तर काहीशी कमी. ॲल्युमिनियमची सुमारे १ मिमी. शेजारचं काँक्रीट जेमतेम अर्धा मिमी. रोज सकाळ-संध्याकाळ ही ओढाताण चालते, आणि मध्ये कडक सिमेंट असेल तर ते केसाएवढं तडकतं. पाण्याला तेवढं पुरतं. उलट बारीक चिरेत ते आपणहून ओढलं जातं. लांबीची जागा जुन्या लाकडी तावदानांत, काच बसवायला. तिथे तिने आयुष्यभर चोख काम केलं. इथे रबरासारखं ताणलं जाणारं काहीतरी हवं.

करा: दुकानात ‘न्यूट्रल’ हा शब्द उच्चारा.
‘‘अण्णा, सिलिकॉन कोडी’’, म्हणजे सिलिकॉन द्या, एवढंच म्हटलंत तर बहुतेक वेळा स्वस्तातली ट्यूब हातात येते. तिला व्हिनेगरचा उग्र वास असतो, कारण सुकताना ती ॲसेटिक आम्ल सोडते. काचेला काच चिकटवायला उत्तम, फिशटँकला तीच लावतात. पण सिमेंट, ग्रॅनाइट, संगमरवर आणि धातू यांच्याशी त्या आम्लाचं जमत नाही. भिंतीची पकड सुटते, दगडाला डाग पडतो, स्क्रू गंजतात. बाहेरच्या खिडकीला ‘न्यूट्रल क्युअर’, ‘वेदरप्रूफ’ लिहिलेलं सिलिकॉन घ्या. महाग पडतं, पण काम करणाऱ्याच्या मजुरीपुढे तो फरक किरकोळ आहे. ट्यूबवरची तारीख बघा. मुदत संपलेलं सिलिकॉन आठवडाभर चिकटच राहतं आणि त्यावर अख्ख्या मेट्रोच्या कामाची धूळ बसते.

टाळा: रंग द्यायच्या जागी सिलिकॉन.
त्याच्यावर रंग धरत नाही. रहिवाशांची असोसिएशन बाहेरून रंग देणार असेल तर पॉलियुरेथेनचं किंवा हायब्रिड सीलंट विचारा, त्यावर रंग बसतो. ॲक्रिलिकवरही बसतो, पण ते घरातल्या बारीक चिरांपुरतं. ताण त्याला कमी सोसतो.

करा: ट्यूबा मोजून आणा.
५ फूट बाय ४ फूट खिडकीचा परीघ १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर. पट्टी ६ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल धरली तर मीटरला ३६ मिली, एकूण जवळपास २०० मिली. एका ट्यूबमध्ये साधारण २८० मिली असतं. वाया जाणारं धरून एका खिडकीला एक ट्यूब. फट १० मिमीची असेल तर एक पुरत नाही. कंत्राटदार म्हणाला की तीन ट्यूबांत आठ खिडक्या होतील, तर त्याने पट्टी किती पातळ मारायची ठरवलंय ते समजून घ्या.

करा: खरवडा, पुसा, सुकवा.
सगळ्या कामातला निम्मा वेळ इथे जायला हवा. जुनं सिलिकॉन पातळ पातीने मुळापासून काढा. जुन्यावर नवं मारलेलं टिकत नाही. सुटा रंग आणि भुसभुशीत गिलावा काढा, नाहीतर सिलिकॉन रंगाला घट्ट धरतं आणि रंगच भिंत सोडतो. ब्रशने धूळ झाडा. चौकट स्पिरिटने पुसा. रॉकेल किंवा थिनर नको, त्यांचा तेलकट थर मागे राहतो आणि यूपीव्हीसीची चकाकीही जाते. नव्या फ्लॅटमध्ये चौकटीवरचं निळं-पांढरं संरक्षक प्लास्टिक अजून असेल तर तेही काढा. हसू नका, आमच्या मजल्यावर दोन घरांत सिलिकॉन त्या प्लास्टिकवरच मारलेलं निघालं.

करा: फटीत आधी दोरी भरा.
फट खोल असेल तर सगळी सिलिकॉनने भरायची नसते. फटीच्या सव्वापट जाड अशी फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून आत बसवायची. १२ मिमीच्या फटीला १५ मिमीची. एवढ्या रुंद फटीत वर सिलिकॉन जाडीला रुंदीच्या निम्मं. दोरीमुळे माल वाचतो हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की सिलिकॉन फक्त दोन बाजूंना, चौकटीला आणि भिंतीला, चिकटतं. मागच्या पाठीला नाही. तिन्ही बाजूंना चिकटलं तर त्याला ताणायला जागाच उरत नाही आणि ते मधोमध फाटतं.

ही युक्ती आजची नाही. लाकडी होड्यांच्या फळ्यांच्या सांध्यात आपले कारागीर कापूस ठासून भरत आणि वर राळ-तेलाचा लेप देत. मागे भरण, पुढे लेप. पोर्तुगीजांच्या ‘कालाफाते’वरून हिंदुस्तानी खलाशांच्या बोलीत या कामाला आणि कारागिराला ‘कालापत्ती’ असा शब्दही आला होता. केआर पुरमच्या हार्डवेअरवाल्याला बॅकर रॉड माहीत नसेल तर काचेच्या तावदानांचं काम करणाऱ्यांकडे मिळतो.

फट दोन सेंटिमीटरहून मोठी असेल तर फुगणारा पॉलियुरेथेन (पीयू) फोम चालतो, पण तो उघडा ठेवू नका. उन्हात पिवळा पडून त्याचा भुगा होतो. सुकल्यावर कापून आत घ्यायचा आणि वर सीलंटची पट्टी.

टाळा: चौकटीच्या खालची भोकं बुजवणं.
या यादीतलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला छोट्या आडव्या खाचा असतात, काहींवर प्लास्टिकची टोपी असते. ती चूक नाही आणि फटही नाही. झडीचं थोडं पाणी ट्रॅकमध्ये येणारच, हे धरूनच ती खिडकी बनवलेली असते. ते पाणी त्या खाचांतून बाहेर पडावं अशी तिची रचना आहे.

आमच्याकडे २०२२ च्या त्या पावसानंतर बोलावलेल्या माणसाने मोठ्या मायेने सगळं सीलबंद केलं, खाचांसकट. पुढच्या पावसात ट्रॅकची पन्हाळ झाली आणि पाणी काठावरून थेट सोफ्यावर. आधी थेंब थेंब यायचं, आता धार. आम्ही त्यालाच परत बोलावलं आणि त्याने आणखी एक ट्यूब रिकामी केली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांनी, निवृत्त रेल्वे इंजिनिअर, टाचणी मागितली आणि एक खाच मोकळी केली. दोन मिनिटांत ट्रॅक रिकामा. काका म्हणाले, ‘‘पाणी अडवायचं नसतं हो, त्याला बाहेरचा दरवाजा दाखवायचा असतो.’’

दर दोन महिन्यांनी जुन्या टूथब्रशने ट्रॅक साफ करा. या भागात खोदकामं आणि बांधकामं संपतच नाहीत. ती धूळ आणि कबुतरांची पिसं मिळून खाचांत बूच बसतं. मग तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते बाहेर जाताना दिसलं पाहिजे.

करा: खालचा दगड हात लावून बघा.
खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार हवा. त्यावर गोटी ठेवा. ती घराकडे आली तर सिलिकॉनचा काही उपयोग नाही, दगडच उचलून बसवावा लागेल. दगडाच्या पुढच्या कडेखाली एक खाच कोरलेली असते, तिथून पाणी भिंतीला न चिकटता खाली गळतं. रंगाऱ्याने ती पुट्टीने भरली असेल तर मोकळी करायला सांगा.

करा: पट्टी मारताना सावकाश.
नोझल तिरकं कापा, फटीपेक्षा किंचित बारीक. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. हात न थांबवता एका ओढीत. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवायचं ते सिलिकॉन भरून झाल्यावर. आधी भिंतीला साबण लागला तर पकड गेली. वर साय धरायच्या आत, दहाएक मिनिटांत, टेप काढा. आतपर्यंत पक्कं व्हायला वेळ लागतो, दिवसाला दोन-तीन मिमी. तेवढे दिवस खिडकी धडाधड आपटू नका.

टाळा: बाहेर वाकणं.
तिसरा मजला असो की तेरावा. कट्ट्यावर पाय ठेवून, एकाने कमरेला धरून, ‘दोन मिनिटांचं काम’ करू नका. मदतनीस मुलाला तर अजिबात सांगू नका. दोरावरून उतरणारे प्रशिक्षित लोक असतात. हार्नेस, दोन स्वतंत्र दोर आणि विमा आहे का ते विचारा. एका घरासाठी महाग पडतं म्हणून उभ्या ओळीतल्या सगळ्या घरांनी मिळून बोलवा. आमच्या ओळीत तमिळ, बंगाली, ओडिया आणि आम्ही अशी सहा घरं एकत्र आली, आणि ज्यांची कधी ओळखही नव्हती त्यांच्याकडे आता दिवाळीचा फराळ जातो.

करा: नवा फ्लॅट असेल तर आधी पत्र, मग पट्टी.
२०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं की ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. खिडकीची गळती यात मांडता येते. तारखेसकट फोटो, पाणी येतानाचा व्हिडिओ, आणि ईमेल. तोंडी सांगू नका. आम्ही आधी स्वतःच सिलिकॉन मारून बसलो, मग तक्रार केली. उत्तर आलं: तुम्हीच हात लावलात.

पाच वर्षं उलटली असतील तर बाहेरची भिंत सामाईक आहे की तुमची हे असोसिएशनच्या नियमांत बघा. बहुतेक ठिकाणी भिंत सगळ्यांची आणि खिडकी तुमची. फट नेमकी दोघांच्या मध्ये असते, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

टाळा: न्हाणीघराचा झरोका बुजवणं.
डास आणि झड थांबवायला लोक तोही सिलिकॉनने बंद करतात. गॅसचा गीझर असेल तर हे जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकघरातल्या वायुवीजनाच्या जाळीलाही हात लावू नका.

करा: एसीच्या नळीचं आणि इंटरनेटच्या वायरचं भोक बघा.
खिडकी निर्दोष आणि गळती त्या भोकातून, असंही निघतं. वायर आत शिरण्याआधी बाहेर खाली झोळ देऊन वर घ्या. थेंब झोळाशी गळून पडतो.

आमचं शेवटचं, नीट केलेलं काम फेब्रुवारी २०२४ मधलं. मार्चमध्ये नळीने तपासणी करायची ठरवली, तर तोवर शहरात पाण्याचा ठणठणाट. कावेरीचं पाणी तेव्हा पुरेसं न पोचलेल्या महादेवपुऱ्यात सगळी भिस्त बोअर आणि टँकरवर. खिडकीवर नळी धरली असती तर लोकांनी वाळीत टाकलं असतं. शेवटी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं टाकाऊ पाणी चार दिवस बादल्यांत साठवलं आणि मगाने ओतून परीक्षा घेतली. तीन खिडक्या कोरड्या राहिल्या.

खरी परीक्षा २ जूनला झाली. त्या दिवशी बंगळुरूत १११.१ मिमी पाऊस पडला; जूनमधल्या एका दिवसाचा १८९१ सालचा विक्रम मोडला. दिवाणखाना कोरडा, निजायच्या दोन्ही खोल्या कोरड्या. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात मात्र साडेआठला पहिला थेंब आला. पेन्सिलची खूण केली, वेळ लिहिली. तो चौथ्या वाटेचा निघाला: वरच्या छज्ज्याची चीर. असोसिएशनला ईमेल गेला आहे, फोटोंसकट. तोवर त्या कोपऱ्यात श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, अर्ध्या किलोचा. मोठ्या पावसात तो रात्रीतून एकदा ओतावा लागतो.